कोलेस्टेरॉल कमी आले म्हणून निर्धास्त राहू नका

वाचकहो, रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपण सारेच एक गोष्ट करतो. कोणता आकडा वाढला आहे ते आधी पाहतो. साखर वाढली, कोलेस्टेरॉल वाढले, रक्तदाब वाढला की धास्ती बसते. पण एखादा आकडा कमी आला तर? हिमोग्लोबिन सोडले तर कमी आकड्याची काळजी फारसे कोणी करत नाही. कोलेस्टेरॉल कमी आले तर माणूस पेढेच वाटायचा बाकी राहतो. आजचा लेख या कमी आलेल्या आकड्याविषयी आहे, आणि तो लिहिताना मला स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रिसोड तालुक्यातील एक शेतकरी माझ्याकडे आले. वय ५४. अंगाने सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ, वर्षाकाठी एकदा शेगावला पायी जाणारे. तक्रार एवढीच की थकवा फार येतो, दुपारनंतर औत हाकायला जीव होत नाही आणि उजव्या बरगडीखाली जड वाटते. मी रक्ताच्या तपासण्या व सोनोग्राफी करून घेतली. सोनोग्राफीत लिहून आले की यकृतावर चरबी आहे. रक्तात यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली होती. साखर ठीक होती. एकूण कोलेस्टेरॉल होते ११२ आणि त्यातले एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, अवघे ४८.

मी त्यांना म्हणालो, "भाऊ, कोलेस्टेरॉल तर एकदम छान आहे. यकृतावर थोडी चरबी आहे. तेलकट कमी करा आणि रोज चालत जा."

ते हसले. म्हणाले, "चालाचं काय सांगता जी डॉक्टरसाहेब, दिवसभर वावरातच असतो मी. अन् तेल काय, भाकरीवर चटणी घेतो मी."

मी ऐकून घेतले आणि दुसऱ्या रुग्णाला आत बोलावले.

दोन वर्षांनी तेच गृहस्थ हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेले. शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि त्यात 'हेपॅटायटिस सी' पॉझिटिव्ह आले. पुढच्या तपासण्यांत प्लेटलेट कमी निघाल्या आणि यकृतात वणांचे जाळे बरेच तयार झाल्याचे दिसले. माणूस सिरॉसिसच्या उंबरठ्यावर उभा होता. गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती. माळ घातली तरी लपून पीत असेल, त्याशिवाय लिव्हर कसे खराब होईल, असे लोक बोलू लागले. त्यांची मंडळी माझ्यासमोर बसून रडली. म्हणाल्या, "लोकं काय बी बोलतात जी. यायनं आयुष्यात दारूले हात लावला नाही."

त्या दिवशी मी त्यांचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. सारे काही त्यात लिहिलेले होते. अंगाने बारीक, दारूला न शिवलेला, मधुमेह नसलेला माणूस. तरी यकृतावर चरबी, एन्झाइम्स वाढलेली आणि कोलेस्टेरॉल मात्र कमी. या गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. माझ्या डोक्यात ती वाजली नाही, कारण कमी कोलेस्टेरॉल पाहून मीही खूश झालो होतो. ही चूक माझी.

यकृत आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध काय, आणि एक विषाणू तो कसा बिघडवतो, हे आज आपण समजून घेऊ.

यकृत म्हणजे बाजार समितीचे गोदाम

आपल्याकडे सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीच्या आवारात काय चित्र असते ते वाचकांना सांगायला नको. गावोगावचा माल येतो, मोजमाप होते, पोती भरली जातात, हमाल ती पाठीवर घेऊन ट्रकमध्ये चढवतात आणि ट्रक दूरदूरच्या कारखान्यांकडे रवाना होतात. काही माल गोदामात राहतो, पण थोडाच.

आपले यकृत चरबीच्या बाबतीत नेमके हेच काम करते. जेवणातून आलेली चरबी, आणि भाकरी-भात-साखरेतून स्वतः यकृताने तयार केलेली चरबी, असा दोन्ही प्रकारचा माल तेथे जमा होतो. त्यातला काही भाग यकृत स्वतःच्या चुलीत जाळून शक्ती मिळवते. उरलेला माल बाहेर पाठवायचा असतो. पण रक्त पाण्यासारखे आणि चरबी तेलासारखी. तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून यकृत चरबी आणि कोलेस्टेरॉलची प्रथिनांच्या वेष्टनात गाठोडी बांधते. या गाठोड्यांना व्हीएलडीएल म्हणतात. हे म्हणजे आपले भरलेले ट्रक. रस्त्याने जाता जाता ते स्नायूंना आणि इतर अवयवांना चरबी उतरवून देतात आणि मागे उरते ते एलडीएल. आपण प्रयोगशाळेत रक्त देतो तेव्हा तेथे मोजली जाते ती या रस्त्यावरच्या ट्रकमधील चरबी. गोदामात काय साठले आहे ते त्या आकड्यावरून कळत नाही.

समजा, हमालांनी काम बंद ठेवले. माल येतच आहे, पण ट्रक भरले जात नाहीत. मग रस्त्यावर ट्रक कमी दिसतील आणि गोदाम मात्र छतापर्यंत भरेल. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाटेल, यंदा माल कमी आहे. माझ्या त्या रुग्णाच्या बाबतीत असेच झाले आणि रस्त्यावर उभा राहून चुकीचा अंदाज करणारा माणूस मी होतो.

हा विषाणू आहे तरी कोण?

कावीळ म्हटली की आपल्याला दूषित पाण्यातून होणारी कावीळ आठवते. ती बहुधा 'ए' किंवा 'ई' विषाणूमुळे होते, डोळे पिवळे होतात आणि बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. 'बी' आणि 'सी' यांची जात वेगळी. हे रक्तातून पसरतात आणि शरीरात मुक्काम ठोकू शकतात.

'सी' विषाणूचा शोध १९८९ साली लागला. त्याआधी रक्त घेतल्यानंतर काही रुग्णांना कावीळ होई, तपासणीत 'ए'ही सापडत नसे आणि 'बी'ही नसे. म्हणून तिला नावच 'ए नाही, बी नाही' असे दिलेले होते. या विषाणूच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघा शास्त्रज्ञांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू कायमचा राहत आहे. लागण झालेल्या १०० जणांपैकी साधारण ३० जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. बाकीच्या ७० जणांच्या यकृतात तो घर करतो. वाईट गोष्ट अशी की तो काही बोलत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. फार तर थकवा येतो, आणि थकवा कोणाला येत नाही? अशी २० वर्षे गेली की त्यातील १५ ते ३० टक्के लोकांचे यकृत आकसून कडक होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. त्यापुढे पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, यकृताचा कर्करोग अशी वाट असते.

चरबीच्या ट्रकमधला चोर

आता चरबीशी या विषाणूचा काय संबंध? फार जवळचा आहे. बरेचसे विषाणू पेशीत शिरतात, स्वतःच्या प्रती काढतात आणि बाहेर पडतात. 'सी' विषाणूने मात्र आपला सारा संसार यकृताच्या चरबीवर मांडला आहे.

१९९२ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की रुग्णाच्या रक्तात हा विषाणू चरबीच्या गाठोड्यांना चिकटलेला असतो. म्हणजे चोर पायी फिरत नाही, भरलेल्या ट्रकमध्ये पोत्यांच्या आड बसून फिरतो. त्याचे दोन फायदे होतात. एक म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना आणि प्रतिद्रव्यांना तो सहज सापडत नाही. दुसरे म्हणजे यकृताच्या पेशींवर एलडीएल आत घेण्यासाठी जी दारे असतात, ती त्याला आपलाच ट्रक समजून जवळ येऊ देतात.

आत शिरल्यावर तो तीन गोष्टी करतो.

पहिली गोष्ट, तो यकृताला अधिक चरबी तयार करायला लावतो. आपल्या पेशींत चरबी तयार करण्याची आज्ञा देणारी काही प्रथिने असतात. विषाणू त्यांना चेतवतो. याचे कारण असे की त्याला आपल्या नव्या प्रती चरबीच्या थेंबांच्या आधाराने जोडायच्या असतात. पेशीतील चरबीचे थेंब ही त्याच्या कारखान्याची जागा आहे.

दुसरी गोष्ट, यकृताच्या चुलीत चरबी जाळण्याचे काम तो मंदावतो. म्हणजे आवक वाढली आणि खप कमी झाला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चरबीची गाठोडी बांधून देणारे एक प्रथिन यकृतात असते. ते आपले हमाल. विषाणू त्यांचे काम अडवतो. त्यामुळे व्हीएलडीएल कमी बाहेर पडते, पुढे रक्तातील एलडीएल कमी होते आणि चरबी यकृतातच अडकून पडते.

आता त्या रिपोर्टचे कोडे सुटते. यकृतावर चरबी आणि रक्तात कोलेस्टेरॉल कमी या दोन परस्परविरुद्ध गोष्टी नव्हत्या. एकाच बिघाडाची ती दोन टोके होती.

आपल्या देशात हे अधिक का दिसते?

या विषाणूचे अनेक जनुकीय प्रकार आहेत व त्यांना क्रमांक दिलेले आहेत. अमेरिकेत प्रकार १ अधिक आढळतो. आपल्या भारतात मात्र प्रकार ३ सर्वाधिक आढळतो. आणि यकृतात चरबी साठवण्यात, तसेच रक्तातील कोलेस्टेरॉल खाली आणण्यात हा प्रकार ३ सर्वांत पटाईत आहे. इतर प्रकारांत यकृतावर चरबी दिसली तर तिचे कारण बरेचदा लठ्ठपणा, मधुमेह किंवा दारू असते. प्रकार ३ मध्ये मात्र विषाणू स्वतःच चरबी साठवतो, आणि रक्तात विषाणू जितका अधिक तितकी चरबीही अधिक, असे आढळले आहे. म्हणूनच बारीक अंगाच्या, कष्टकरी, निर्व्यसनी माणसालाही 'फॅटी लिव्हर' होऊ शकते.

ही चरबी निरुपद्रवी नसते. विषाणूमुळे आधीच सुजलेल्या यकृतात चरबीची भर पडली की वण लवकर तयार होतात. त्यात दारूची भर पडली तर बोलायलाच नको. ज्यांच्या शरीरात हा विषाणू आहे त्यांच्यासाठी थोडी दारू चालेल असे प्रमाणच नाही. एक थेंबही नको.

मग हृदयाला तरी फायदा होतो का?

हा प्रश्न एका शिक्षक वाचकाने मला विचारला होता. एलडीएल कमी म्हणजे हृदयविकाराचा धोका कमी, असे आपण सारखे ऐकतो. मग या विषाणूने निदान एक तरी काम चांगले केले म्हणायचे काय?

दुर्दैवाने तसे नाही. अनेक अभ्यासांत असे दिसले आहे की 'सी' विषाणू असलेल्या लोकांत कोलेस्टेरॉल कमी असूनही मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेच्या रक्तवाहिन्यांत थर साचण्याचे प्रमाण जास्त असते, आणि हृदयविकाराचा धोकाही कमी नसून जास्त असतो. शरीरात वर्षानुवर्षे चालणारी सूज हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे साखर. या विषाणूमुळे इन्सुलिन असूनही ते नीट काम करीत नाही. त्यामुळे या रुग्णांना मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. तेव्हा कमी कोलेस्टेरॉल हा येथे तब्येतीचा दाखला मानता येत नाही.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. कोलेस्टेरॉल कमी आले म्हणजे हा विषाणू असलाच पाहिजे, असा अर्थ कोणी काढू नये. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर ते कमी येणारच, आणि ते यायलाच हवे. थायरॉईडचे काम वाढले असेल, पोटाला पुरेसे अन्न मिळत नसेल, दुसरा दीर्घ आजार असेल तरीही ते कमी येते. काहींचे जन्मतःच कमी असते. पण कारण न सापडणारे कमी कोलेस्टेरॉल, आणि त्यासोबत यकृतावर चरबी किंवा वाढलेली एन्झाइम्स असतील, तर 'सी' आणि 'बी' या दोन्ही विषाणूंची तपासणी करून घ्यावी.

विषाणू शरीरात आला कसा?

माझ्या त्या रुग्णाने बरेच आठवून सांगितले की १९९७ साली बैलगाडी उलटून मांडीचे हाड मोडले होते. तेव्हा आपले वाशिम अकोला जिल्ह्यात होते. शस्त्रक्रियेच्या वेळी दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. आपल्या देशात रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची 'सी' विषाणूसाठी तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधी घेतलेल्या रक्तातून लागण होणे शक्य होते, आणि त्यात रक्त देणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा काही दोष नव्हता. पण खात्रीने तेच कारण होते असेही सांगता येत नाही. कारण त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, "बापा, सुया तं लय टोचल्या. ताप आला की गावातल्या डॉक्टरकडे सुई घ्यायचीच."

वाचकहो, ही सुईची हौस आपल्याला महागात पडते. सुई दिली नाही तर तो डॉक्टर कसला, असे मानणारे लोक आजही आहेत. एकच सुई, एकच सिरिंज अनेकांना वापरली गेली तर काय होते याची उदाहरणे आहेत. गुजरातमधील मोडासा गावात २००९ साली पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे 'बी' काविळीची मोठी साथ झाली आणि अनेक बळी गेले. इजिप्त देशात १९५० नंतरच्या काही दशकांत एका जंताच्या रोगासाठी गावोगाव इंजेक्शने देण्याची मोहीम झाली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न झाल्याने 'सी' विषाणू साऱ्या देशभर पसरला आणि जगात या रोगाचे सर्वाधिक प्रमाण तेथे झाले. पुढे त्याच देशाने २०१८ पासून कोट्यवधी लोकांची तपासणी करून फुकट औषधे दिली आणि हा रोग आटोक्यात आणला. चुकांतून शिकणे म्हणतात ते असे.

याशिवाय जत्रेत एकाच सुईने गोंदून घेणे, दुसऱ्यासाठी वापरलेल्या ब्लेडने दाढी करणे, नशेसाठी सुया वाटून घेणे, वारंवार डायलिसिस अथवा रक्त घ्यावे लागणे, यांतून लागण होऊ शकते. आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असते.

कशाने होत नाही तेही ऐका. एका ताटात जेवल्याने, एका ग्लासात पाणी प्याल्याने, हस्तांदोलनाने, जवळ बसल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. माझ्या रुग्णाच्या घरी महिनाभर त्यांचे ताट-वाटी वेगळी ठेवली होती आणि नातवाला जवळ येऊ देत नव्हते. मी त्यांच्या मुलाला बोलावून सांगितले, "वडिलांचा वस्तरा, ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा ठेव. ताट वेगळे ठेवू नको." त्या म्हाताऱ्या जिवाला औषधाइतकीच त्याची गरज होती.

तीन महिन्यांत बरा होणारा रोग

आता आनंदाची गोष्ट. पूर्वी या रोगावर वर्ष-वर्ष इंजेक्शने घ्यावी लागत. त्याने ताप येई, केस गळत, मन खचे, खर्च लाखात जाई आणि तरीही बरेच रुग्ण बरे होत नसत. गेल्या दशकात तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आणि चित्र पालटले. सोफोस्बुव्हिर या औषधासोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेल्पाटास्व्हिर हे दुसरे औषध बहुतेकांना १२ आठवडे दिले जाते. १०० पैकी ९५ च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. बरे होणे म्हणजे विषाणू शरीरातून कायमचा जाणे.

केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात 'बी' आणि 'सी' यांची तपासणी व औषधे मोफत दिली जातात. आपल्या भागातील लोकांनी जिल्हा सामान्य रुग्णालयात याची चौकशी करावी. पैशांच्या भीतीने कोणी घरी बसू नये.

उपचारात काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू सध्या शरीरात आहेच असे नाही, कारण ती प्रतिद्रव्यांची तपासणी असते. त्यानंतर विषाणू मोजण्याची दुसरी तपासणी करावी लागते. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी तीच दुसरी तपासणी पुन्हा करतात. तेव्हा विषाणू सापडला नाही तर रोग गेला. पहिली तपासणी मात्र जन्मभर पॉझिटिव्ह राहते. हे ठाऊक नसल्याने बरे झालेले लोक पुन्हा घाबरतात. तसेच आपण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. आम्लपित्ताची, हृदयाच्या ठोक्यांची आणि कोलेस्टेरॉलची काही औषधे या गोळ्यांसोबत चालत नाहीत किंवा त्यांचा डोस बदलावा लागतो. मधुमेही रुग्णांची साखर उपचारात खाली येऊ शकते, तेव्हा ती वरचेवर तपासावी.

आणि मग कोलेस्टेरॉल वाढले!

माझ्या रुग्णाने एकही गोळी न चुकवता १२ आठवडे औषध घेतले. त्यानंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा साऱ्या तपासण्या झाल्या. यकृताची एन्झाइम्स खाली आली होती, सोनोग्राफीत चरबी कमी झाली होती. पण एकूण कोलेस्टेरॉल ११२ वरून १७० झाले होते आणि एलडीएल ४८ वरून १०२.

ते रिपोर्ट घेऊन आले ते नाराज चेहऱ्याने. "डॉक्टरसाहेब, त्या गोळ्यायनं माह्या रक्तात चरबी वाढवली ना जी. पहिले किती छान होती."

मी त्यांना बाजार समितीची सारी गोष्ट सांगितली. हमाल कामावर परत आले आहेत, अडकलेला माल निघाला आहे, ट्रक पुन्हा रस्त्यावर दिसू लागले आहेत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे हे माहं खरं कोलेस्टेरॉल हाय म्हणा." इतके नेमके मलाही सांगता आले नव्हते.

विषाणू गेल्यावर एलडीएल वाढणे हे अनेक रुग्णांत दिसते. त्याला घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. विषाणूने झाकून ठेवलेला आकडा आता उघडा झालेला असतो. काहींच्या बाबतीत तो खरोखर जास्त निघतो. त्यांनी इतरांप्रमाणेच खाणे, चालणे, तंबाखू सोडणे आणि गरज पडल्यास कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणे हे करावे. यकृताचा आजार झाला होता म्हणून या गोळ्या घेऊच नयेत, हा समज चुकीचा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या घेता येतात. यकृतावरील चरबी उपचारानंतरही तशीच राहिली, तर मात्र वजन, साखर आणि दारू यांकडे पाहावे लागते.

आणखी एक. ज्यांच्या यकृतात वण फार पुढे गेलेले आहेत, त्यांचा विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. माझे रुग्ण ती न चुकता करतात. दोन वर्षांपूर्वी हा रोग सापडला असता तर कदाचित त्यांना ती करावी लागली नसती, ही टोचणी माझ्या मनातून गेलेली नाही.

तपासणी कोणी करावी?

२००१ पूर्वी ज्यांना रक्त दिले गेले, ज्यांनी कोठेही उकळून वापरलेल्या सुया टोचून घेतल्या, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे ज्यांना वरचेवर रक्त घ्यावे लागते, ज्यांनी जत्रेत गोंदून घेतले, ज्यांच्या यकृताची एन्झाइम्स कारण नसताना वाढलेली आहेत, आणि दारू न पिता ज्यांच्या यकृताला चरबी लागली आहे, अशा सर्वांनी आयुष्यात एकदा ही तपासणी जरूर करावी. थोडेसे रक्त द्यावे लागते, एवढेच.

या विषाणूवर लस नाही. एकदा बरे झालेल्यालाही पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून गोळीने काम भागत असेल तर सुईचा हट्ट धरू नका, आणि सुई घ्यावीच लागली तर नवे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. न्हाव्याकडेही नवे ब्लेड मागा. काविळीसाठी हातावर डाग देणे, नाकात रस पिळणे, मंत्राने कावीळ उतरवणे असले प्रकार करण्यात वेळ घालवू नका. 'सी' विषाणू कोणत्याही मंत्राने उतरत नाही आणि बिनमाहितीच्या जडीबुटीने आजारी यकृत आणखी बिघडू शकते. खाण्यातही हळद बंद, तेल बंद, नुसते उकडलेले खा, असल्या पथ्यांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, ताक असे आपले साधे जेवण उत्तम.

शेवटी त्या गृहस्थांविषयी. गेल्या खेपेला ते आले तेव्हा शेगावची वारी करून आले होते. प्रसादाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. गावात आता कोणी काही बोलते का, असे मी विचारले. ते म्हणाले, "बोलणारे दोघं जण तपासाले येऊन गेले ना तुमच्याकडे. त्यायलेच विचारा."

ते दोघे खरोखरच येऊन गेले होते. त्यातला एकजण पॉझिटिव्ह निघाला. त्याचे यकृत अजून शाबूत आहे, औषधे सुरू झाली आहेत. या खेपेला मात्र मी त्याच्या कमी आलेल्या कोलेस्टेरॉलला छान म्हटले नाही.